तरुण शास्त्रज्ञ पुरस्कार आणि माझी एक जून

गोदातीर | १२ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मूळ गाव येवल्याकडचं. एका अकादमीच्या तरुण शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी आमच्या विभागप्रमुखांनी माझं नाव सुचवलं. सरांचं पत्र आलं, पाच शोधनिबंध स्कॅन झाले, दोन रात्री जागून कामाचा गोषवारा लिहिला. मग अर्ज उघडला. पहिलाच रकाना जन्मतारीख. ०१/०६/१९९० टाकली आणि खाली लाल अक्षरं उमटली : '१ जुलै २०२५ रोजी वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेली नसावीत.' 'पुढे' असं लिहिलेलं बटण करडं झालं ते झालंच. एका महिन्याने हुकलं.

खरी गंमत पुढे आहे. माझा जन्म एक जूनचा नाहीच. आई सांगते, नवरात्राची दुसरी माळ होती, शेजारच्या बायका वणीला पायी निघाल्या होत्या आणि तिला घरी थांबावं लागलं. म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध. चुलत बहीण पहिलीत चालली तर मीही जाणार म्हणून १९९५च्या जूनमध्ये मी शाळेत जाऊन बसले. गुरुजींना पाच वर्षं पूर्ण दाखवायची होती. त्यांनी वडिलांना विचारलंसुद्धा नाही, रजिस्टरात एक जून लिहून मोकळे. आमच्या घरात वडील, थोरले काका आणि मी, तिघांची एक जून. एकच केक आणतो.

खऱ्या तारखेने मी आज ३४ वर्षांची आहे आणि नियमात बसते. कागदावर म्हातारी झाले.

विचारायचं आहे ते असं. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढून आणला तर चालेल का? आणि वय जन्मापासून न मोजता पीएचडीपासून मोजतात असे पुरस्कार कुणाला माहीत आहेत का? माझी पीएचडी २०२३ची. त्याआधी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, मधे एक बाळंतपण.

तर्री_जास्त | रात्री ११:५८

गोदातीर, एक जूनवाल्यांचा वेगळा पक्ष काढा, बहुमत पक्कं. आमच्या वाड्यात सात जण निघतील.

बाकी विषयातलं काही कळत नाही. वाचतोय.

फाइल_क्रमांक_७ | १३ जुलै, सकाळी ६:५०

ताई, मी शिक्षण खात्यात ३१ वर्षं टेबलावर काढली, म्हणून अधिकाराने सांगतो. जन्मतारखेला आता हात लावू नका.

दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख, तीच तुमची. पुढचं सगळं, म्हणजे सेट, नेमणूक, सेवापुस्तक, पॅन, पासपोर्ट, त्याच खुंटीला टांगलेलं असतं. राज्य सरकारी नोकरांना १९८१च्या सेवाशर्तींच्या नियमात ३८ क्रमांकाचा नियम आहे. तारीख दुरुस्त करायची तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. तुम्ही अनुदानित संस्थेत, तुमची नियमावली वेगळी, पण वारा तोच. आणि समजा पुरस्काराच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा दाखला जोडलात, तर सप्टेंबरची एक तारीख अकादमीकडे आणि जूनची कॉलेजात. उद्या कुणी माहितीच्या अधिकारात दोन्ही मागवल्या तर उत्तर देत बसाल. एका पदकापायी पेन्शनची फाइल अडकवू नका.

अवांतर : दर ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत एवढे निरोपसमारंभ का असतात माहीत आहे? ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. सगळे एक जूनवाले ३१ मेला नारळ घेऊन घरी. मी पण त्यातलाच.

अजून एक. जाहिरातीची भाषा नीट वाचा. '३५ पूर्ण झालेली नसावीत' आणि 'वय ३५ पेक्षा अधिक नसावे' यात कधी कधी वर्षभराचा फरक पडतो. दुसऱ्या वाक्याचा अर्थ काही ठिकाणी छत्तिसावं लागलं की बाद असा होतो, काही ठिकाणी छत्तिसावं पूर्ण होईपर्यंत चालतो. शंका असली तर ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रिंट काढून ठेवा. फोनवरच्या 'हो मॅडम, चालेल'ला काडीची किंमत नाही.

डॉ_रात्रपाळी | सकाळी ८:१५

ड्यूटी संपवून वाचलं. आमच्याकडे तर ३५ची अट म्हणजे चेष्टा आहे. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. मग बॉण्डचं एक वर्ष. पीजीच्या प्रवेशपरीक्षेत एखादं वर्ष जातंच. एमडी तीन, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. माणूस तेहेतिशीत बाहेर पडतो आणि तोवर स्वतःचं म्हणावं असं संशोधन एकच, एमडीचा प्रबंध, तोही गाइडच्या विषयावर. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचं विद्यापीठ इथे म्हसरूळला आमच्या उशाशी आहे, पण पस्तिशीच्या आत तरुण शास्त्रज्ञ म्हणून अर्ज करू शकेल असा क्लिनिकल डॉक्टर शोधून दाखवा.

सिन्नरकर | सकाळी ९:३०

थोडं उलट बोलतो, राग नसावा.

वयाची अट काढली तर काय होईल? तेच ते साहेब, तेच विभागप्रमुख, त्यांचे चारशे पेपर. त्यातल्या साडेतीनशेंत प्रयोग दुसऱ्याने केलेले. तरुणांसाठी जागा राखायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते आणि रेघ म्हटली की तिच्या पलीकडे एक दिवसाने कुणीतरी उभं असणारच. इन्फोसिस पुरस्काराने २०२४ला वयाची अट ५० वरून ४० वर आणली. म्हणजे उलट खालीच आणली. का? ज्याचं नाव आधीच झालंय त्याला आणखी एक ढाल देऊन काय उपयोग, असाच विचार असणार.

गोदातीर, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण 'खरी तारीख वेगळी आहे' हे ऐकायला लागलं तर निम्मा महाराष्ट्र अर्ज करेल.

गोदातीर | सकाळी १०:०५

राग कशाचा, बरोबर आहे तुमचं. माझं म्हणणं रेघ नको असं नाही. रेघ कुठून मोजायची, एवढंच.

फाइल काका, धन्यवाद. दाखल्याचा नाद सोडला. आई ऐकून म्हणाली, 'त्या गुरुजींनीच तर तुला शाळेत घेतलं, नाहीतर वर्षभर शेळ्यांमागे गेली असतीस.' तेही खरंच.

नांदूरचा_बगळा | दुपारी ३:२०

मी भौतिकशास्त्रात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक आहे, सध्या युरोपात, घर निफाडला. हा विषय जिव्हाळ्याचा, म्हणून लांबण लावतो.

मुळात 'तरुण' मोजायची घड्याळं दोन. एक जन्मापासून चालतं, दुसरं पीएचडीपासून.

जन्माच्या घड्याळाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट गणितातली. फील्ड्स पदक चार वर्षांतून एकदा देतात आणि ज्याची चाळिशी त्या वर्षीच्या १ जानेवारीच्या आधी भरली तो बाद. अँड्र्यू वाइल्सचा जन्म एप्रिल १९५३चा. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता त्याने केंब्रिजला मांडली जून १९९३मध्ये, म्हणजे चाळिशी भरून दोन महिने झाल्यावर. त्यात चूक निघाली, ती १९९४च्या सप्टेंबरात दुरुस्त झाली. साडेतीनशे वर्षांचं कोडं सुटलं आणि पदकाला माणूस अपात्र! शेवटी १९९८मध्ये त्याला चांदीचं एक खास मानचिन्ह दिलं. गोदातीर, तुमच्या एका महिन्याला चांगली सोबत आहे.

आपल्याकडे भटनागर पुरस्कार सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, १९५७मध्ये सुरू केला. अट ४५ची, आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्यतः भारतात केलेलं काम बघायचे. इन्सा, म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी, तिचं तरुण शास्त्रज्ञ पदक १९७४ला सुरू झालं, ३५ची रेघ तिथे मुरली. सायन्स काँग्रेसच्या तरुण शास्त्रज्ञ पुरस्काराला तर ३२. बत्तिशीत आपल्याकडे किती जणांचा प्रयोगशाळेत स्वतःच्या हक्काचा ओटा आणि फ्यूमहूड (वायू ओढून घेणारं कपाट) असतो?

२०२३मध्ये केंद्राने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले आणि भटनागर त्यात 'विज्ञान युवा' म्हणून गेला. अट ४५चीच राहिली. पूर्वी पाच लाख रुपये मिळत, आता पदक आणि सन्मानपत्र. एक बदल मात्र आपल्या जिल्ह्याच्या कामाचा आहे. जुन्या भटनागरला सात विषय होते, त्यात शेती वेगळी नव्हती. आता तेरा क्षेत्रं आहेत आणि कृषिविज्ञानाचं स्वतंत्र खातं आहे. कुंदेवाडीच्या केंद्रात गव्हाच्या वाणांवर राबणाऱ्या तरुणाला आता 'तुझं काम जीवशास्त्रात टाकू की कशात' हे विचारावं लागणार नाही.

आता दुसरं घड्याळ. अमेरिकेतल्या वॉटरमन पुरस्काराची अट पूर्वी 'वय ३५ किंवा पीएचडीनंतर ७ वर्षं' अशी होती, पुढे ती ४० किंवा १० वर्षं झाली. त्यातला 'किंवा' बघा. उशिरा सुरुवात केलेल्या माणसासाठी तो एक शब्द म्हणजे दार उघडं. (तो तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच, आपल्याला उपयोग नाही.) इकडे युरोपीय संशोधन परिषदेचं नवोदितांचं अनुदान पीएचडीनंतर २ ते ७ वर्षांच्या लोकांना देत आले आहेत, आणि आई झालेल्या संशोधिकेला दर मुलामागे १८ महिने वाढवून मिळतात. रजा किती घेतली हे विचारत नाहीत, मुलाचा जन्मदाखला लावला की झालं. वडिलांना मात्र प्रत्यक्ष घेतलेल्या रजेएवढेच. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईला दोन मुलं आहेत, तिची मुदत तीन वर्षांनी पुढे गेली. कुणी भुवई उंचावली नाही.

डॉ_रात्रपाळी, तुमचं दुखणं पीएचडीच्या घड्याळानेही बरं होत नाही, कारण तुमच्यात पीएचडीच कमी. एमडीपासून मोजायला हवं.

अवली_मावशी | दुपारी ४:०२

बगळा, छान माहिती. पण मुली, तुला एक विचारते. बाळंतपणाच्या रजेचं ठीक आहे, कागद असतो. सासूच्या पॅरालिसिसच्या दोन वर्षांचा कागद कोण देतं? मी बँकेतून निवृत्त झाले, माझी दोन बढत्यांची वर्षं त्यातच गेली. सरकारची ती विज्ञानात परत येणाऱ्या बायकांसाठीची योजना आहे ना, माझ्या भाचीने घेतली होती.

नांदूरचा_बगळा | दुपारी ४:३०

हो मावशी. महिला शास्त्रज्ञ योजना, २००२-०३पासूनची, आता वाइज-किरण नावाखाली चालते. खंड पडलेल्यांना त्यात जागा आहे. पण ते संशोधनाला पैसे देणं झालं, पुरस्कार वेगळा. पुरस्काराच्या यादीत बायका कमीच. भटनागर मिळवणाऱ्या पहिल्या बाई असीमा चॅटर्जी, १९६१, त्याही रसायनशास्त्राच्याच. त्यानंतरच्या यादीत बायकांची नावं बोटावर मोजत जावं लागतं.

सिन्नरकर | सायंकाळी ६:१०

'किंवा' पटला. पण पीएचडीचं घड्याळही फसवतं. आमच्या ओळखीत एकाने प्रबंध मुद्दाम दोन वर्षं रखडवला, कारण डिग्री हातात पडली की फेलोशिपच्या अटी सुरू होतात. पळवाट तिथेही आहे.

गोदातीर | सायंकाळी ७:४५

सिन्नरकर, पीएचडी मुद्दाम रखडवायची चैन करणारे भेटले तर त्यांच्या पाया पडेन. :) तासिका तत्त्व म्हणजे काय ते सांगते. तासाला पैसे, तेही वर्षाअखेर एकदम. एप्रिलअखेर नाव कमी, जुलैत पुन्हा मुलाखत. मे-जूनला आपण कुणीच नसतो. प्रयोगशाळेची किल्ली हवी असली तरी शिपायाला चहा पाजावा लागतो. त्या सहा वर्षांत मी शनिवारी-रविवारी प्रयोग केले. ती वर्षं ना अनुभवात मोजतात ना खंडात. अर्जाच्या दृष्टीने २०१२ ते २०१८ मी झोपले होते.

बगळा, अजून एक विचारते. पीएचडीची तारीख नेमकी कोणती? तोंडी परीक्षा झाली एका महिन्यात, विद्यापीठाची अधिसूचना दोन महिन्यांनी आणि पदवीदान पुढच्या वर्षी.

नांदूरचा_बगळा | सायंकाळी ८:००

जाहिरातीत लिहिलेलं असेल ते. नसेल तर अधिसूचनेची धरा, तात्पुरतं प्रमाणपत्र तिच्यावरच मिळतं. पदवीदानाची धरलीत तर वर्ष वाढून मिळेल असं वाटतं, पण छाननीत अडकलं तर सगळाच अर्ज जातो.

द्राक्षवेल | रात्री ९:१५

ताई, मी पिंपळगावकडचा शेतकरी. तुमच्या वयाचं सगळे बोलले, कामाचं कुणीच विचारलं नाही. नक्की शोध काय लावलाय?

गोदातीर | रात्री ९:४०

दादा, शोध म्हणण्याइतकं मोठं नाही, पण विचारलंत म्हणून बरं वाटलं.

कागदाची बोटभर पट्टी आहे. तिच्यावर एक एन्झाइम बसवलेलं असतं. फळ धुतलेल्या पाण्याचा थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा थेंब रसायनाचा. पट्टी निळी झाली तर ठीक. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाचा अंश असेल तर एन्झाइम मरगळतं, निळं होत नाही, पट्टी पांढरीच राहते. तत्त्व जुनं आहे, जगभर वापरतात. माझं काम एवढंच की ती पट्टी स्वस्तात व्हावी आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात टिकावी. अजून फ्रिजबाहेर तीन दिवसांवर टिकत नाही.

द्राक्षवेल | रात्री ९:५५

सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, कळतं का त्यावर? २०१०ला युरोपात आमचे द्राक्षांचे कंटेनर सीसीसीच्या अंशापायी अडकले तेव्हा पाहिलंय. खरड छाटणीनंतर मारलेलं औषध, त्याचा अंश फळात निघेल हे ध्यानीमनी नव्हतं. त्या वर्षी बागा मोडल्या लोकांनी.

गोदातीर | रात्री १०:०५

नाही दादा, सीसीसी वेगळ्या जातीचं रसायन, ते या पट्टीला दिसत नाही. त्याला मोठं मशीनच लागतं. खोटं सांगणार नाही. पण टोमॅटो, वांगी, भाजीपाल्यावर ही चालते.

द्राक्षवेल | रात्री १०:०८

मग मला दहा द्या. पुरस्कार मिळो न मिळो.

तर्री_जास्त | रात्री १०:३०

या धाग्यावर पहिल्यांदाच कुणीतरी पात्र ठरलं.

फाइल_क्रमांक_७ | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

धागा वर काढतो. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची यादी आली. नारळीकरांना मरणोत्तर विज्ञानरत्न.

चहा पिता पिता हिशेब करत बसलो. या माणसाला पद्मभूषण मिळालं १९६५मध्ये, वय २६. आणि विज्ञानरत्न गेल्यावर पाच महिन्यांनी. २०२१ला आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मी आडगावला मंडपात होतो, मोकळ्या खुर्चीकडे बघत होतो. लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा, दोन्ही टोकं एकाच माणसाच्या नावावर.

गोदातीर, तुमचं काय झालं?

गोदातीर | सकाळी ९:२०

काका, आठवण ठेवलीत! दुसरीकडे अर्ज केला. तिथे अट 'पीएचडीनंतर ५ वर्षे' अशी आहे, मातृत्वासाठी सूट आहे. बगळा म्हणाले तशी अधिसूचनेची तारीख टाकली. जन्मतारखेचा रकाना होताच, पण 'पुढे' बटण हिरवं राहिलं.

सवलतीचा पुरावा म्हणून मुलाचा जन्मदाखला लागला. महानगरपालिकेचा दाखला, त्यावर तारीख अगदी पक्की. मी तो स्कॅन करताना शेजारी आई बसली होती. म्हणाली, 'याची तारीख बरी लिहिली नीट. याच्या वेळी दवाखान्यात भिंतीवर घड्याळ होतं.'

निकाल मार्चमध्ये.

द्राक्षवेल | दुपारी १:४०

ताईंच्या पट्ट्यांचं सांगायचं राहिलं. थर्मासमध्ये बर्फ घालून दिल्या होत्या, घरी पोचेपर्यंत गार होत्या. द्राक्षाला अजून वेळ आहे, आत्ताशी गोडी छाटणी उरकली. टोमॅटोवर करून पाहिल्या. दहा पट्ट्या, दहा ओळींतली फळं. आठ निळ्या झाल्या. दोन पांढऱ्या राहिल्या, त्या दोन्ही शेजाऱ्याच्या बांधाकडच्या ओळींतल्या. फवारणी त्याची, वारा आमच्याकडचा.

ताई, अजून पाच मिळतील का? त्याच्या समोर करून दाखवायच्या आहेत.

गोदातीर | दुपारी १:५२

गुरुवारी दुपारी कॉलेजवर या दादा. थर्मास घेऊन या, मागचा माझा अजून तुमच्याकडेच आहे.